चुलीतली राख
स्वयंपाकघराच्या साफसफाईचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्याला आरंभ राखेपासून करावा लागेल. चूल भांडी काळी करी आणि तिचीच राख ती उजळी. राखेतले क्षार ओशटपणा कापतात. आमच्या आजीला हे रसायन ठाऊक नव्हते, पण नारळाची शेंडी हाती धरून तिने जन्मभर तेच केले. दिवाळीआधी चिंचेने पितळ घासायचे, आतून कल्हई करून घ्यायची. नाही तर आमटी कळकायची! १८९२ साली स्वीडनच्या लिंडक्विस्टने काजळी न धरणारा स्टोव्ह काढला. पुढे १९१३ साली शेफील्डला ब्रेअर्लीने गंज न चढणारे पोलाद ओतले आणि कालांतराने कल्हईवाल्याची आरोळी गल्लीतून नाहीशी झाली. राखेला कोणी हाकलले नाही. चूल गेली, तिच्याबरोबर तीही गेली. आणि आजी वाण्याकडून सोड्याची पुडी मागवू लागली.