नाटकाची वही कुणाच्या हातात?

दिवाळी झाली, धान घरात आलं, की पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा जंगलपट्टा आणि शेजारचे भंडारा-गोंदिया मिळून होते ती झाडीपट्टी. झाडी म्हणजे जंगल. गावात मंडई किंवा शंकरपट असला की त्या रात्री नाटक ठरलेलंच. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. बायका लेकरं मांडीवर घेऊन, चादरी पांघरून शेवटच्या अंकापर्यंत बसतात.

पुण्या-मुंबईत नाटक मरतंय की जगतंय यावर दरवर्षी चर्चा होते. इकडे वडसा (देसाईगंज) गावात नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत आणि हंगामात तिथे बुकिंगसाठी गर्दी असते. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, तिकिटं विकतं आणि नफा-तोटा सोसतं. यात सरकारी अनुदानाचा भाग नाही. लोकांना नाटक हवं असतं, म्हणून ते चालतं. इथल्याच मातीतल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राने झाडीपट्टीचं नाव गूगल केलं.

आता या नाटकांची पोस्टर्स बघा. हिरोइनचा फोटो मोठा असतो. नावात कुंकू, सासर, लेक, आई असे शब्द असतात. पण लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता या ओळींत बाईचं नाव शोधावं लागतं. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं एक गाजलेलं नाटक आहे, ‘माझं कुंकू मीच पुसलं’. शीर्षकातली ‘मी’ बाई आहे, लेखणी पुरुषाची. नाटक वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाईच्या दुःखावर इतकी नाटकं चालतात, तर ती लिहायला बाई का बसत नाही, एवढंच विचारायचं आहे.

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

झाडीपट्टीत नाटकाच्या आधीपासून दंडार होती, खडी गंमत होती. त्यात लुगडं नेसून नाचायचा तो पुरुषच. पुढे गावातली पोरं नाटकं बसवू लागली, तेव्हाही बायकांची कामं पुरुष करत. मग नट्या आल्या, त्याही बऱ्याचदा नागपूरसारख्या शहरांतून बोलावलेल्या. गावातल्या मुलीने स्टेजवर उभं राहणं लोकांना सहन होत नव्हतं, बाहेरच्या बाईने राहिलेलं चालत होतं. स्टेजवर बाई पाहिजे, पण ती आपल्या घरची नको, असा तो हिशेब.

हा हिशेब फक्त झाडीपट्टीचा नाही. मराठी नाटकाची सुरुवात आपण १८४३ सालच्या सांगलीपासून मोजतो. तेव्हापासून कित्येक दशकं स्त्री-भूमिका पुरुषांच्या होत्या. भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व त्यातूनच मोठे झाले. पण त्याच काळात बायकांच्या स्वतंत्र कंपन्याही होत्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी आणि मनोहर स्त्री संगीत मंडळी या त्यांतल्या दोन. तिथे पुरुषांच्या भूमिकासुद्धा बायका करत. या बायका बहुतेक कलावंतिणींच्या घरांतल्या. म्हणून त्यांचं काम ‘प्रतिष्ठित’ इतिहासात तळटीपेपुरतं उरलं. बालगंधर्वांच्या साडीची फॅशन आपल्याला माहीत असते, पण दाढी-मिशा लावून राजा झालेल्या एकाही बाईचं नाव चटकन आठवत नाही.

त्याच समाजातून आलेल्या सावंतवाडीच्या हिराबाई पेडणेकर यांनी लिहायलाही घेतलं. १९१२मध्ये त्यांचं ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श कंपनीने रंगमंचावर आणलं. नामांकित कंपनीने बाईचं नाटक करणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पण पुढे त्या मुंबईच्या साहित्य-नाटकाच्या जगापासून दूर, कोकणात पालशेतला जाऊन राहिल्या आणि १९५१मध्ये गेल्या. नंतर त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ हे नाटक आलं आणि गाजलं. ते लिहिलं वसंत कानेटकरांनी. म्हणजे नाटककार बाईची गोष्टही शेवटी पुरुषानेच सांगितली.

गिरिजाबाई केळकरांनी मात्र थेट उत्तर दिलं. खाडिलकरांचं ‘बायकांचे बंड’ आलं, त्यावर गिरिजाबाईंनी ‘पुरुषांचे बंड’ लिहिलं. आजच्या भाषेत हा रिप्लाय ट्वीटच. १९२८मध्ये त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षाही झाल्या.

तमाशात विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःच्या नावाचा फड चालवला. माणसं सांभाळणं, गाड्या, मुक्काम, सगळं त्यांनी पाहिलं. कंपनी बाईला झेपत नाही, हा दावा त्यांनी खोडून काढला.

मग १९८३ आलं. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने ‘मुलगी झाली हो’ केलं. लेखिका ज्योती म्हापसेकर, पेशाने ग्रंथपाल. काम करणाऱ्या बायका संघटनेच्याच कार्यकर्त्या. सेट नाही, महागडे कपडे नाहीत. लोकांच्या ओठांवरच्या चाली आणि मुलगी जन्मल्यावर घरात पडणारी शांतता, एवढ्या भांडवलावर नाटक उभं राहिलं. वस्त्यांमध्ये, गावांमध्ये, मोकळ्या जागेत त्याचे हजारो प्रयोग झाले, इतर भाषांत भाषांतरं झाली. कंपनी, लेखणी आणि स्टेज या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बायकांच्या हातात होत्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा इतिहास परवानग्यांच्या यादीसारखा दिसतो. स्क्रीनवर दिसण्याची परवानगी वेगळी आणि फाइल बदलण्याची वेगळी. १९३३च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामं केली, त्यानंतर दिसण्याची परवानगी हळूहळू सगळीकडे पोचली. झाडीपट्टीतही पोचली. फाइल बदलण्याची मात्र अडकून पडली. फाइल म्हणजे नाटकाची वही. बाईने नवऱ्याला सोडायचं की परत जायचं, शेवटी मरायचं की जगायचं, हे त्या वहीत ठरतं. समोर चादर पांघरून बसलेली पोरगी पहाटे घरी जाताना तोच शेवट सोबत नेते. म्हणून वही कुणाच्या हातात आहे, याने फरक पडतो.

झाडीपट्टीत बाकी सगळं तयार आहे. प्रेक्षक आहेत, कंपन्या आहेत, रात्रभर बसायची सवय आहे. धानाच्या रोवणीला चिखलात उभं राहून गाणी म्हणणाऱ्या बायका आहेत, गोंडी-माडिया गावांत रेला गाणाऱ्या पोरी आहेत. ‘मुलगी झाली हो’ अशाच चालींवर उभं राहिलं होतं. पण कोणतं नाटक आणायचं हे मंडळ ठरवतं आणि मंडळात बसतात ते बहुतेक पुरुषच. तुमचं गाव इकडचं असेल, तर पुढच्या हंगामात मंडळाच्या मीटिंगला बहिणीला सोबत न्या. आणि वडशाला बुकिंगला गेलात, की हिरोइन कोण आहे हे विचारून झाल्यावर अजून एक प्रश्न विचारा : बाईने लिहिलेलं काही आहे का?

मागणी आली की माल येतो, हे वडशाच्या कंपन्यांना कुणी शिकवायची गरज नाही.