उतेऱ्याची दोन पिके आणि पोटाचा आधार

राजेगावजवळ बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र लागतो. अलीकडे आपला बालाघाट. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये वेगळी झाली, पण त्याआधी भोसल्यांच्या काळापासून दोन्ही तीर नागपूरच्याच कारभारात होते. शेतीही दोन्हीकडे एकच, धानाची. या धानाच्याच बांधीत वाढलेली दोन पिके आपल्या जुन्या ताटात भाताच्या सोबतीला असत. ती म्हणजे लाखोरी आणि जवस.

धान पिकायला आले की कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल असलेल्या बांधीत, उभ्या धानातच लाखोरी किंवा जवस फेकून पेरतात. नांगरणी नाही, पाणी देणे नाही. यालाच उतेरा म्हणतात. घरात मग लाखोरीची डाळ, वडे, कोवळ्या पाल्याची भाजी आणि जवसाची चटणी येई. आमची आजी म्हणे, नुसता भात पोटात थांबत नाही. तिचे म्हणणे आज शरीरशास्त्रही मान्य करते.

१०० ग्रॅम तांदळात प्रथिने सुमारे ७ ग्रॅम, तर लाखोरीच्या डाळीत सुमारे २८ ग्रॅम असतात. प्रथिने पोटात गेली की आतड्यातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके स्रवतात. 'आता पुरे' हा निरोप ती मेंदूला देतात. वजन उतरवण्याच्या ज्या इंजेक्शनांची सध्या एवढी चर्चा आहे, ती यातल्याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. जवसाचे काम निराळे. जवस भिजवले की बुळबुळीत होतात, तो बुळबुळीतपणा म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू. तो पाणी धरून दाटसर होतो, जठरातले अन्न सावकाश पुढे सरकते आणि रक्तातली साखरही हळूहळू चढते. चमचाभर चटणीने चमत्कार होत नाही हे खरे. पण भात, डाळ, भाजी आणि चटणी असे एकत्र जेवण झाले, तर दुपारपर्यंत भूक लागत नाही.

मात्र पोट भरणे आणि शरीर सुखरूप राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते लाखोरीच्या इतिहासानेच शिकवले. हिंदीत हिला तिवरा किंवा खेसारी म्हणतात. कॅप्टन (पुढे सर) विल्यम स्लीमन यांनी सागरकडची हकिकत लिहून ठेवली आहे. १८२९ ला गारपिटीने गहू गेला, १८३० ला पावसाने दगा दिला, १८३१ ला तांबेरा पडला. तिन्ही वर्षे तगली ती तिवराच. लोक तिच्यावर जगले आणि १८३३ पासून बायकामुलांसकट माणसांचे पाय लुळे पडू लागले. पुढे रिवा संस्थानात वेठीच्या मजुरांना मजुरीतच खेसारी मिळे, आणि पायही त्यांचेच जात. १९०७ मध्ये रिवाच्या महाराजांनी तिच्यावर बंदी घातली. दोष ओडॅप या विषारी घटकाचा. तो भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ओळखला. मिश्र जेवणात थोडी लाखोरी खाणाऱ्याला सहसा बाधत नाही. महिनोन्‌महिने दुसरे काही ताटात नसेल, तेव्हा ती घात करते. आपल्यापैकी अनेकांची घराणी मालगुजारीची. धान्यात मजुरी देण्याची पद्धत आपल्याही भागात होती. मालकाच्या ताटात जी डाळ तोंडी लावण्यापुरती, तीच गरिबाचे सगळे जेवण झाली तर काय होते, हे आपण विसरू नये.

१९६१ मध्ये केंद्राच्या भेसळ प्रतिबंधक नियमांनी खेसारीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती लागू केली, मध्य प्रदेशाने केली नाही. एकच पीक नदीच्या एका तीरावर राजरोस आणि दुसऱ्या तीरावर बेकायदा, असे कित्येक वर्षे चालले. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली, पण केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ती राहिलीच. दरम्यान शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने महातिवरा असे कमी ओडॅपचे वाण काढले.

आज आपल्याकडे दुष्काळ नाही. तांदूळ घरोघरी आहे, ताटही भरलेले आहे. पण भाताचा ढीग वाढला, डाळ पातळ झाली आणि जवसाची चटणी सणापुरती उरली. जेवून दोन तासांत पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते, आणि घरोघरी साखरेच्या गोळ्या आल्या आहेत. सगळा दोष भाताचा नाही, पण त्याची सोबत सुटली हे त्यातले एक कारण आहेच.

लाखोरी खायचीच तर कमी ओडॅपच्या वाणाची, गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून, आणि तीही अधूनमधून. नाहीतर तूर आणि हरभरा आहेतच. जवसाला तर कसलीच अडचण नाही. भाजून, कुटून, रोज चमचाभर घ्यावे.

बाप्पांचा नैवेद्य वाढताना आपण एकाच पदार्थाने पान भरत नाही. भात, वरण, भाजी, चटणी, सगळे थोडे थोडे वाढतो. ती रीत वर्षभर आपल्या ताटात राहो आणि आपल्याकडे राबणाऱ्यांच्या ताटातही असो, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.