आज्ञावलीचे शुद्धिपत्र

संगणकाची आज्ञावली लिहिणारा माणूस साहित्याच्या अभ्यासकाला सहसा परका वाटतो. तो यंत्राशी बोलतो आणि आपण माणसांशी, अशी सोयीची विभागणी विद्याशाखांनी करून ठेवली आहे. डोनाल्ड कनूथ (जन्म १९३८) यांच्या कार्याचा इतिहास पाहता ही विभागणी टिकत नाही, असे आमचे मत आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील या अध्यापकाच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर जुळवलेली होती; आता प्रकाशचित्रणाने अक्षरजुळणी होऊ लागली होती आणि त्या अक्षरांचे रूप कनूथ यांना मुळीच रुचले नाही. दुसरा लेखक प्रकाशकाला पत्र लिहून थांबला असता. यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच रचायला घेतली. तिचे नाव ‘टेक’. कला आणि कारागिरी हे दोन्ही अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ते आले. लवकर संपेल असे वाटलेले हे काम सुमारे दहा वर्षे चालले.

यातूनच १९८४ साली त्यांनी ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ हा विचार मांडला. आज्ञावली ही प्रथम माणसाने वाचावयाची संहिता आहे. यंत्राने ती पाळणे हे त्यानंतरचे. म्हणून निवेदन आणि आज्ञा एकत्र गुंफाव्यात आणि त्यांचा क्रम वाचकाच्या आकलनानुसार ठरवावा. ‘टेक’ची संपूर्ण आज्ञावली याच पद्धतीने १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या परंपरेत मूळ ग्रंथ आधी आणि टीका नंतर येते. येथे मूळ आणि टीका एकाच हाताने, एकाच वेळी जन्मतात.

तथापि आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची चुकांची वही. १९७८ पासूनच्या दुरुस्त्या त्यांनी क्रमाने नोंदवल्या आणि १९८९ मध्ये त्या निबंधासह प्रसिद्ध केल्या. नोंदी आठशेंहून अधिक, वर्ग पंधरा. विस्मरण, अनपेक्षित प्रसंग, क्षुल्लक टंकदोष असे सारे त्यांत येते. ग्रंथांत चूक दाखवणाऱ्यास ते २.५६ डॉलरचा धनादेश पाठवीत, कारण षोडशमान पद्धतीत २५६ म्हणजे पूर्ण शंभर. अनेकांनी तो न वटवता चौकटीत लावला. २००८ पासून धनादेशाऐवजी एका काल्पनिक पेढीचे प्रमाणपत्र मिळू लागले. ‘टेक’च्या आवृत्तीचा क्रमांकही प्रत्येक दुरुस्तीबरोबर ३.१४, ३.१४१ असा ‘पाय’कडे सरकतो. आपल्या मृत्यूनंतर तो नेमका ‘पाय’ व्हावा आणि उरलेले दोष गुणधर्म मानले जावेत, अशी त्यांची इच्छा आहे.

हीच दृष्टी त्यांच्या नित्याच्या आवडींतही दिसते. घरी पाइप ऑर्गन. प्रवासात रस्त्यांवरील चौकोनी पाट्यांची छायाचित्रे. बायबलच्या प्रत्येक ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनाचा अभ्यास. १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ईमेल वापरणे सोडले. सतत अद्ययावत राहणे हे काहींचे काम असेल. आपले काम विषयाच्या तळाशी जाण्याचे, अशी त्यांची भूमिका.

‘टेक’ त्यांनी सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून दिले. त्यामुळेच नेदरलंड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांना १९९१ साली त्यावर देवनागरीची जुळणी उभारता आली. आपल्या लिपीशी जुळलेला हा धागा आपल्या अभ्यासक्रमांत मात्र क्वचितच येतो.

आपण पाठचिकित्सा शिकवतो, परंतु ती दिवंगतांच्या पोथ्यांची. जिवंत लेखकाने स्वतःच्या संहितेची चिकित्सा करून ती वाचकांपुढे ठेवावी, हा पायंडा एका आज्ञावलीकाराने घातला. पूर्वी मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्राचे एक पान असे. ते लेखकाची नामुष्की नव्हते. वाचकाविषयीच्या आदराची ती खूण होती.