आगबोटीवरील तिसरा वर्ग

अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या आगबोटींचे नाव काढताच झुंबरांची भोजनगृहे आणि रुंद जिने डोळ्यांपुढे येतात. परंतु कंपन्यांच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार होता तो तळाशी राहणाऱ्या, देश सोडून अमेरिकेस निघालेल्या गरीब उतारूंचा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे उतारू एकावर एक ठोकलेल्या फळ्यांवर निजत. अंथरूण आणि ताटवाटी बहुधा ज्याची त्यानेच आणावयाची असे. १९१२ साली निघालेल्या ‘टायटॅनिक’वर तिसऱ्या वर्गासही बिछान्याच्या खोल्या आणि टेबलावर मांडलेले जेवण मिळाले. तरी सातशेंहून अधिक माणसांना स्नानाचे टब दोनच होते. एकटे पुरुष जहाजाच्या पुढच्या टोकास, तर एकट्या स्त्रिया मागच्या टोकास राहत. रोगाच्या भीतीने अमेरिकेचा कायदा या वर्गास इतरांपासून वेगळे ठेवावयास लावी. १५ एप्रिलच्या पहाटे जहाज बुडाले, तेव्हा पहिल्या वर्गातील दहांपैकी सहा उतारू वाचले. तिसऱ्या वर्गातील चारांपैकी एक.

पुढे या वर्गाचे रूप पालटले, ते कायद्यामुळे. १९२१ आणि १९२४ साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि तळच्या खोल्या ओस पडू लागल्या. तेव्हा कंपन्यांनी त्या नीटनेटक्या करून ‘टूरिस्ट थर्ड’ या नव्या नावाने अमेरिकेतील विद्यार्थ्यांना व शिक्षकांना देऊ केल्या. ज्या खोल्यांतून एका पिढीने कायमचा देश सोडला, त्याच खोल्यांतून पुढची पिढी सुटीत युरोप पाहावयास निघाली.