फंक्शन ओव्हरलोडिंग

फंक्शन ओव्हरलोडिंग म्हणजे एकाच नावाची, परंतु वेगवेगळे पॅरामीटर घेणारी अनेक फंक्शने एकाच प्रोग्रॅममध्ये लिहिण्याची सोय होय. सी++, जावा व सी शार्प या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांत ती उपलब्ध आहे. मूळ सी भाषेत नाही.

इतिहास

सी++ ही भाषा ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केली. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत ओव्हरलोडिंगसाठी 'ओव्हरलोड' हा शब्द आधी लिहावा लागे. १९८९ च्या २.० आवृत्तीपासून ही गरज उरली नाही.

कार्यपद्धती

कोणते फंक्शन वापरायचे हे कंपाइलर पॅरामीटरांची संख्या, प्रकार व क्रम पाहून ठरवतो. तंतोतंत जुळणाऱ्या फंक्शनला प्राधान्य मिळते. तसे नसल्यास प्रकार बदलून जुळणारे फंक्शन शोधले जाते. दोन फंक्शने सारखीच योग्य ठरल्यास कंपाइलर संदिग्धतेची त्रुटी दाखवतो. केवळ परतीच्या मूल्याचा प्रकार निराळा असणे पुरेसे नसते. ही निवड प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच होते. याउलट ओव्हररायडिंगमध्ये उपवर्ग मूळ वर्गाचे फंक्शन नव्याने लिहितो आणि निवड प्रोग्रॅम चालताना होते.

उदाहरण

धाराशिव जिल्ह्यात, राज्यात इतरत्र असते त्याप्रमाणेच, सातबारा उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये नोंदवलेले असते. बोलण्यात मात्र एकर-गुंठे रूढ आहेत. 'क्षेत्रफळ' नावाचे एक फंक्शन हेक्टरची एकच दशांश संख्या घेईल आणि त्याच नावाचे दुसरे फंक्शन हेक्टर व आर असे दोन पूर्णांक घेईल. पॅरामीटरांची संख्या वेगळी असल्याने हे ओव्हरलोडिंग वैध आहे.

मर्यादा

एकर व गुंठे असे दोन पूर्णांक घेणारे तिसरे 'क्षेत्रफळ' मात्र लिहिता येत नाही. पॅरामीटरांची नावे कंपाइलर विचारात घेत नाही. त्याच्या दृष्टीने दुसरे व तिसरे फंक्शन एकच ठरते. तिसरे फंक्शन वगळून २ एकर २० गुंठे हे आकडे दुसऱ्याला दिल्यास त्रुटी दिसत नाही, पण सुमारे १.०१ हेक्टर जमीन २.२० हेक्टर, म्हणजे दुपटीहून अधिक, मोजली जाते. यावर उपाय म्हणून दोन्ही मापांसाठी स्वतंत्र वर्ग तयार करतात. त्यामुळे मापातील फरक प्रकारातील फरक बनतो आणि कंपाइलर योग्य फंक्शन निवडू शकतो.