बिलाचा नमुना कुणाचा?

तुम्ही एखाद्या कंपनीच्या खरेदी किंवा हिशेब विभागात काम करत असाल, तर ‘ईडीआय’ हा शब्द कानावरून गेलेला असेल. ऑर्डर, डिलिव्हरी चलन, बिल हे सगळं एका कंपनीच्या संगणकाने दुसरीच्या संगणकाला थेट पाठवायचं, मध्ये कुणी बसून टायपिंग करायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझी पीएचडी या कागदांच्या ठरावीक नमुन्यांवर, म्हणजे स्टँडर्ड्सवर आहे. विषय सांगितला की समोरचा माणूस विनम्रपणे चहाकडे वळतो! पण मला यात एक जुनं आणि अजून न मिटलेलं भांडण दिसतं. नमुना कुणाचा चालणार, आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार?

याचं मूळ बर्लिनमध्ये सापडतं. जून १९४८मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद केले. मग कोळशापासून पिठापर्यंत सगळं विमानाने न्यावं लागलं. सुमारे पावणेतीन लाख फेऱ्या झाल्या आणि जवळपास २३ लाख टन माल पोचला. विमानं मिळाली, वैमानिक मिळाले, पण मालाच्या याद्या जुळेनात. प्रत्येकाचा नमुना वेगळा, भाषा वेगळी. तेव्हा अमेरिकी सैन्यातल्या एडवर्ड गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी मालयादीचा एकच नमुना ठरवला. तो टेलेक्सवर पाठवता येई आणि गरज पडली तर फोनवर वाचूनही दाखवता येई. यात संगणक कुठेच नव्हता, हे लक्षात घ्या. आधी काय कुठल्या क्रमाने लिहायचं हे ठरलं, यंत्र नंतर आलं.

गिल्बर्ट पुढे ड्युपाँट कंपनीत गेले आणि १९६०च्या दशकात तिथे वाहतूकदारांशी मालाची माहिती देण्याघेण्यासाठी त्यांनी तीच कल्पना वापरली. १९६८मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक उद्योगाने टीडीसीसी ही समन्वय समिती स्थापन केली. तिचे पहिले नमुने १९७५मध्ये आले, आणि १९७९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने एक्स१२ ही समिती नेमली. इकडे युरोपात प्रत्येकाची वेगळी चूल. ब्रिटनच्या किरकोळ व्यापाराने १९८२मध्ये ट्रेडाकॉम्स आणलं, तर जर्मन वाहन उद्योगाच्या व्हीडीए संघटनेने आपले नमुने केले, ज्यात प्रत्येक ओळ मोजून १२८ अक्षरांची. शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली, जिनिव्हात, एडिफॅक्ट तयार झालं. त्याच्या व्याकरणाला १९८७मध्ये आयएसओची मान्यता मिळाली.

आता एक्स१२ आणि एडिफॅक्ट शेजारी ठेवून बघा. खरेदीच्या ऑर्डरला एक्स१२ मध्ये ८५० हा क्रमांक आहे, एडिफॅक्टमध्ये सरळ ‘ऑर्डर्स’ हे नाव. बिल तिकडे ८१०, इकडे ‘इन्व्हॉइक’. हा फरक वरवरचा. मला जास्त आवडतो तो दशांश चिन्हाचा. जर्मन माणूस साडेबारा लिहिताना स्वल्पविराम देतो, इंग्रज टिंब देतो. म्हणून एडिफॅक्टच्या सुरुवातीच्या आवृत्तीत संदेशाच्या अगदी आरंभी ‘आमचं दशांश चिन्ह हे’ असं जाहीर करायची सोय आहे. एक्स१२ला ही अडचणच नव्हती. उलट तिथे बिलाची एकूण रक्कम चिन्हाशिवायच लिहितात आणि शेवटचे दोन अंक सेंट समजायचे. १२,५०० डॉलर म्हणजे १२५००००. एक नमुना अनेक देशांना एका टेबलाशी बसवून केलाय, दुसरा एकाच देशात घडलाय, हे त्या एका टिंबावरून कळतं.

मग दोन्ही एक का झाले नाहीत? ठरलं तर होतं. १९९२मध्ये एक्स१२च्या सदस्यांनी मतदान करून १९९७पासून एडिफॅक्टकडे जायचं नक्की केलं. पण १९९७ आलं आणि गेलं. ज्या कंपन्यांनी एक्स१२वर पैसा ओतला होता, त्यांनी चालू गाडी मोडून नवी का बांधावी? त्यात १९९६च्या हिपा कायद्याखाली अमेरिकेत आरोग्यविम्याच्या दाव्यांसाठी पुढे एक्स१२च सक्तीचं झालं. कायद्यात शिरलेला नमुना बाहेर काढणं किती अवघड, ते सांगायला नको.

बरं, दोन कंपन्या एकच स्टँडर्ड वापरत असल्या तरी काम होतंच असं नाही. स्टँडर्डमध्ये शेकडो ऐच्छिक रकाने असतात. त्यातले कुठले भरायचे हे मोठा खरेदीदार आपल्या मार्गदर्शिकेत सांगतो, आणि पुरवठादार ती मुकाट्याने पाळतो. समजा, चाकणचा एक कारखाना जर्मनीलाही सुटे भाग पाठवतो आणि अमेरिकेलाही. एका गिऱ्हाईकासाठी व्हीडीए, दुसऱ्यासाठी एक्स१२, आणि प्रत्येकाची मार्गदर्शिका निराळी. जुळवणीचा खर्च कारखान्याचा. गिऱ्हाईकाला फक्त आपलीच व्यवस्था ठाऊक.

हा भार हलका करण्यासाठी एक्सएमएल आलं. १९९८मध्ये रोझेटानेट, १९९९मध्ये ईबीएक्सएमएल, २००४मध्ये यूबीएल. सगळ्यांची जाहिरात एकच, आता लहान कंपन्यांनाही परवडेल. माझ्या मते नुसत्या एक्सएमएलने यातलं फार थोडं साधलं. मार्गदर्शिका गेल्या नाहीत. खरा बदल केला तो खरेदीदार म्हणून उतरलेल्या सरकारांनी. डेन्मार्कने २००५पासून सरकारी खात्यांना ई-बिलच द्यायचं अशी सक्ती केली, ते यूबीएलच्या एका आरंभीच्या मसुद्यावर बेतलेल्या नमुन्यात. २००८मध्ये युरोपात पेपॉल प्रकल्प सुरू झाला, तोही सरकारी खरेदीसाठीच.

भारतात वळण आणखी वेगळं. १ ऑक्टोबर २०२०पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना जीएसटीचं ई-इनव्हॉइस लागू झालं. ऑगस्ट २०२३मध्ये ही मर्यादा ५ कोटींवर आली. इथे बिल आधी नोंदणी पोर्टलवर जातं, तिथून ६४ अक्षरी क्रमांक आणि क्यूआर कोड घेऊन येतं, मग गिऱ्हाईकाकडे. म्हणजे दोन कंपन्यांच्या मध्ये तिसरा पक्ष येऊन बसला, आणि नमुना त्याचा. एका अर्थी लहान पुरवठादाराला हे बरं: देशातल्या सगळ्या व्यापारी गिऱ्हाइकांसाठी एकच नमुना. पण त्यात फक्त बिल येतं, डेबिट-क्रेडिट नोटा येतात. ऑर्डर, माल कधी पाठवायचा याचं वेळापत्रक, पाठवल्याची सूचना, हे सगळं त्याच्या बाहेर. चाकणच्या त्या कारखान्याच्या कपाटात मार्गदर्शिका आहेत तिथेच आहेत, शेजारी आता जीएसटीच्या जेसनचं कागदपत्रही आलंय.