दोषी कोण : लाखोरी की तिच्यात मिसळलेले तण?

गोंदिया जिल्ह्यात धान कापणीला येते तेव्हा बांधीतली माती अजून ओली असते. शेतकरी उभ्या धानातच लाखोरीचे बी फेकतो. धान कापले जाते, बी रुजते आणि मातीत उरलेल्या ओलीवर पीक वाढते. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. या पद्धतीला उतेरा म्हणतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्याची डाळ होते, पाला-भुसा गुरांना जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला यापेक्षा स्वस्त पीक कोणते मिळणार?

पण याच पिकावर एक गंभीर आरोप आहे. लाखोरी, म्हणजे शास्त्रीय भाषेत 'लॅथिरस सॅटायव्हस', सतत खाणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडतात. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. हा आरोप सिद्ध कसा झाला याचा इतिहास पाहिला, तर दोन सारख्या दिसणाऱ्या वनस्पती ओळखणे किती मोलाचे असते ते आपल्याला कळते.

इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकिगत लिहिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस वेळेवर झाला नाही, १८३१ साली पिकावर रोग पडला. लाखोरी मात्र जोमाने वाढली. तिला तिकडे तिवडा म्हणतात. लोक तिच्यावरच जगले. १८३३ पासून तिशीच्या आतल्या माणसांचे कमरेखालचे अंग अचानक लुळे पडू लागले. पुढे १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, तेव्हा सागर आणि भंडारा हे दोन्ही भाग त्यात आले. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ सालापर्यंत भंडाऱ्यातच होता.

स्लीमनच्या वर्णनात एक महत्त्वाची गोष्ट आहे. तिवडा तिथे मुद्दाम पेरलेला नव्हता, तो गव्हात आपोआप उगवलेला होता. अशा शेतात एकच तण असते असे नाही. 'व्हिसिया सॅटायव्हा' नावाची दुसरी शेंगावर्गीय वनस्पतीही रब्बी पिकांत उगवते. उत्तरेत तिला अकटा म्हणतात. दोघींची खोडे नाजूक असतात, दोघींच्या पानांच्या टोकाला आधार पकडणारे तणावे असतात, दोघींची फुले वाटाण्याच्या फुलासारखी असतात. मळणीत दोघींचे दाणे एकत्र येतात. मग रोग नेमका कशाने होतो?

हा प्रश्न अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी हाती घेतला. यांपैकी सायमनसन हे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे भारतीय विज्ञान काँग्रेसच्या दोन संस्थापकांपैकी एक. त्यांनी दाणे निवडून वेगळे केले आणि बदकांना व माकडांना खाऊ घातले. निवडलेल्या शुद्ध लाखोरीने प्राण्यांना काही झाले नाही, अकट्याने मात्र ते आजारी पडले. १९२५ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की दोष लाखोरीचा नसून तिच्यात मिसळलेल्या अकट्याचा आहे.

या निष्कर्षाचा अर्थ काय होतो ते पाहा. तो खरा असेल तर गरिबाने बी चाळून, निवडून घेतले की पुरे. तो खोटा असेल तर स्वच्छ निवडलेले धान्यही त्याला लुळे करणार. प्रश्न वनस्पतिशास्त्राचा होता, पण त्यावर माणसांचे पाय अवलंबून होते.

उत्तर मिळायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी लाखोरीच्याच दाण्यांतून मज्जासंस्थेला घातक असा पदार्थ वेगळा केला. त्याला आज ओडॅप म्हणतात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांना तो टोचल्यावर लक्षणे दिसली, मोठ्या प्राण्यांवर मात्र त्याचा परिणाम सहजासहजी दिसत नाही. मग शुद्ध लाखोरी खाऊन बदके आणि माकडे निरोगी राहिली, यात नवल ते काय?

मग १९२५ चा प्रयोग खोटा होता का? नाही. १९६२ साली अकट्यातही मज्जासंस्थेला बाधक असे वेगळे द्रव्य सापडले होते. प्राणी खरोखरच अकट्याने आजारी पडले होते. निरीक्षण बरोबर होते. चूक झाली ती पुढच्या पायरीवर : एक दोषी सापडला म्हणून दुसऱ्याला निर्दोष ठरवले गेले.

१९६१ पासून अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखोरी डाळीच्या विक्रीवर बंदी आली, पण बांधीतली लाखोरी हटली नाही. रोग होतो तो ही डाळ अनेक आठवडे मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यावर. ओडॅप पाण्यात विरघळतो, त्यामुळे डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिले तर त्याचे प्रमाण घटते. 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' यांसारखी कमी ओडॅपची वाणेही आता निघाली आहेत.

आता या दोन वनस्पती वर्गात कशा ओळखायच्या? लाखोरीच्या खोडाला दोन्ही बाजूंनी पातळ पंखासारखी कड असते, अकट्याच्या खोडाला नुसते कंगोरे. लाखोरीच्या पानात लांबट, अरुंद पर्णिकांच्या एक-दोन जोड्याच असतात. अकट्याच्या पानात त्या बऱ्याच जास्त असतात आणि पर्णिकेचे टोक कापल्यासारखे असून मध्ये बारीक काटा दिसतो. लाखोरीची शेंग आखूड, रुंद, वरच्या कडेला दोन अरुंद पंख असलेली, तर अकट्याची लांब आणि सडपातळ. लाखोरीचा दाणा पाचरीसारखा, कोनदार, अकट्याचा गोलसर. भिंग असेल तर फुलाची कुक्षिवृंत पाहावी. लाखोरीत ती चपटी आणि आतल्या बाजूने केसाळ असते, अकट्यात केसांचा झुपका टोकाशी असतो.

हिवाळ्यात मुलांना बांधावर न्यावे आणि दोन्ही झाडे शोधायला सांगावे. प्रत्येकाने नाव सांगण्याआधी निदान तीन खुणा दाखवाव्यात. एकाच खुणेवर भरवसा ठेवला की काय होते, हे आपण वर पाहिलेच आहे.